आधी ओझे, मग वाघीण: अमेरिकी रेल्वेवरचा अवाढव्य माल आणि त्याच्या प्रतिकृती

२६ मार्च १९३६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावातून एक खास गाडी निघाली. तिच्यातल्या एका वाघिणीवर (मालगाडीच्या डब्यावर) पोलादी पेटीत बंद केलेली काचेची एकच चकती होती. व्यास २०० इंच, म्हणजे १६ फूट ८ इंच, आणि वजन सुमारे २० टन. माउंट पालोमरच्या दुर्बिणीचा हा कच्चा आरसा घासाईसाठी कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला जायचा होता. चकती आडवी ठेवावी तर ती वाघिणीच्या दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट बाहेर येणार आणि शेजारच्या रुळावरची गाडी अडवणार. साध्या सपाट वाघिणीवर उभी करावी, तर मुळात पृष्ठभागच रुळापासून साडेतीन फूट उंच, त्यामुळे माथा वीस फुटांच्या वर. त्या काळी बंद मालडबे पंधरा फुटांच्या आसपास असत, आणि वाटेतले पूल व बोगदे त्याच हिशेबाने बांधलेले.

उपाय एकच उरला, तो म्हणजे खाली जाणे. वाघिणीच्या पोटात आरपार खळगा आणि त्यात चकती उभी, इतकी खाली की पेटीचा तळ रुळांच्या माथ्यापासून जेमतेम काही इंच वर राहिला. तरी एकूण उंची साडेसतरा फुटांच्या घरात गेली. म्हणून मार्ग अंतर पाहून ठरला नाही, पुलांची उंची पाहून ठरला. वेग ताशी २५ मैलांपेक्षा जास्त नाही, प्रवास फक्त दिवसाउजेडी. १० एप्रिलला गाडी पॅसाडेनाला पोहोचली.

अवजड मालाच्या वाघिणींचा इतिहास म्हणजे तळाकडून एकेक इंच मिळवण्याचा इतिहास आहे. रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती, म्हणजे मॉडेल, करणारे बहुतेक जण मात्र उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी दुकानातून आवडलेली वाघीण आणतात आणि मग तिच्यावर काय ठेवावे याचा विचार करतात. प्रत्यक्षात ओझे आधी असते. ते किती उंच, किती लांब, किती जड, यावरून वाघीण ठरते.

उंच ओझ्यासाठी दोन घडणी रूढ झाल्या. एकीत मधला भाग बोग्यांच्या, म्हणजे दोन टोकांखालच्या चाकांच्या गाड्यांच्या, दरम्यान खाली वाकवलेला असतो, पण जमीन राहते. ही डिप्रेस्ड सेंटर. दुसरीत जमीनच नसते, ओझे दोन बाजूंच्या तुळयांवर टेकून मधल्या मोकळ्या जागेत लोंबते. ही वेल कार. अमेरिकी रेल्वे संघटनेच्या वर्गीकरणात पहिलीला एफडी, दुसरीला एफडब्ल्यू आणि साध्या सपाट वाघिणीला एफएम अशी अक्षरे आहेत. जुन्या छायाचित्रात वाघिणीच्या अंगावर ती वाचता आली की काम निम्मे सोपे होते.

जड ओझ्याचे गणित वेगळे. तिथे अडचण पुलाच्या माथ्याची नसून रुळाची आणि पुलाच्या तुळयांची असते, कारण प्रत्येक आसावर (चाकांच्या जोडीच्या दांड्यावर) किती भार द्यायचा याला मर्यादा आहे. ओझे वाढले की आस वाढवावे लागतात. दोन बोग्या एका जोडतुळईखाली, तशा दोन जोडतुळया वाघिणीच्या दोन टोकांना, असे करत आकडा चढतो. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने १९५२ मध्ये अल्टूना येथील कारखान्यात बांधलेली एफडी २ वर्गाची वाघीण, टोपणनाव ‘क्वीन मेरी’, २५० टनांसाठी होती आणि तिला १६ आस होते. हे टन अमेरिकी, म्हणजे २००० पौंडांचे. आपल्या मेट्रिक टनात उतरवताना हमखास चूक होते. ही वाघीण आता स्ट्रॅसबर्गच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

त्याही पुढचा टप्पा श्नाबेल वाघिणीचा. श्नाबेल म्हणजे जर्मन भाषेत चोच. वाघिणीचे दोन अर्धे भाग दोन चोचींनी ओझे दोन्हीकडून पकडतात आणि ओझे स्वतःच मधली तुळई होते. जर्मनीच्या क्रुप कंपनीने अमेरिकेतील कम्बश्चन इंजिनिअरिंगसाठी बांधलेल्या सीईबीएक्स ८०० या वाघिणीला ३६ आस होते. रिकामी असतानाच ती सुमारे २३१ फूट भरे. मॉडेलच्या एचओ मापात (खऱ्याच्या सुमारे ८७ वा भाग) ते ८१ सेंटिमीटर होतात, म्हणजे घरातल्या बहुतेक मॉडेल-रेल्वेच्या मांडण्यांवर तिला उभे करायलाही सरळ रूळ पुरत नाही.

लांब ओझ्याचे उत्तम उदाहरण नौदलाच्या तोफांचे. आयोवा वर्गाच्या युद्धनौकांवरची १६ इंची तोफ ६८ फूट लांब आणि ब्रीचसह (तोफेच्या मागच्या झडपेसह) सुमारे १२१ मेट्रिक टन. इतकी लांब वस्तू एका वाघिणीवर घट्ट बांधली तर वळणावर तिचे टोक बाहेर झुलते, आणि दोन वाघिणींवर घट्ट बांधली तर वाघिणी वळूच शकत नाहीत. म्हणून तोफ फिरत्या आधारांवर टेकवत. पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या एफ २२ वर्गाच्या वाघिणी अशा कामासाठी जोडीने चालत. ओझे वाघिणीच्या टोकाबाहेर येत असेल तर पुढे किंवा मागे एक रिकामी सपाट वाघीण जोडत. तिच्यावर भार नसतो, तिचे काम फक्त जागा राखण्याचे. मॉडेलमध्ये ही रिकामी वाघीण सर्रास विसरली जाते.

विसाव्या शतकात या वाघिणींचा मुख्य गिऱ्हाईक मात्र तोफ नव्हती, ट्रान्सफॉर्मर होता. मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्डला जनरल इलेक्ट्रिकचा आणि पेनसिल्व्हेनियातील शॅरनला वेस्टिंगहाउसचा, असे दोन मोठे कारखाने देशभर ट्रान्सफॉर्मर पाठवत. विजेच्या वाहिन्यांचा दाब वाढत गेला तशा टाक्या उंच झाल्या आणि त्यांच्यासाठी वाघिणीची कंबर आणखी खाली वाकली.

जिथे खाली जाऊनही भागले नाही, तिथे कारखानाच ओझ्याकडे गेला. हूवर धरणाच्या सर्वांत मोठ्या पाणनळांचा व्यास ३० फूट होता. ते रेल्वेने नेणे अशक्य होते. बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीने धरणाजवळच कारखाना उभारला, रेल्वेने फक्त पोलादी पत्रे आणले आणि नळ तिथेच वळवून जोडले. १९३० च्या दशकातील धरणाच्या कामाची मांडणी करताना कुणी सपाट वाघिणीवर अख्खा पाणनळ ठेवला, तर तो दिसायला देखणा पण इतिहासाला सोडून. पत्र्यांची चळत ठेवावी.

खेळण्यांच्या जगात हा प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर लोकप्रिय झाला. खेळण्यातल्या रेल्वे बनवणाऱ्या लायोनेल कंपनीची २४६१ क्रमांकाची ट्रान्सफॉर्मर वाघीण १९४७ मध्ये आली, पाठोपाठ ६४६१. पन्नाशीच्या दशकात पुलाच्या तुळया वाहणारी सोळा चाकी ६४१८ आली. या खेळण्यांनी एक चूक पिढ्यान्‌पिढ्या रुजवली: ट्रान्सफॉर्मरच्या माथ्यावर ताठ उभे पांढरे इन्सुलेटर. मोठा ट्रान्सफॉर्मर असा कधी प्रवास करत नाही. बुशिंग, म्हणजे हेच इन्सुलेटर, काढून वेगळी खोक्यांत जातात, रेडिएटरही सुटे जातात, तेल काढून टाकीत कोरडा नायट्रोजन भरतात आणि उघड्या तोंडांवर पोलादी झाकणे बोल्टने आवळतात. कारण पुन्हा उंची आणि वजन हेच. म्हणजे अस्सल मॉडेल हे खेळण्यापेक्षा साधे, जवळपास बोडके दिसते. तयार मॉडेल घेतले असेल तर बुशिंग कापा, भोकांवर पातळ स्टायरीनच्या (प्लास्टिकच्या) गोल चकत्या लावा आणि कडेने बोल्टची डोकी दाखवा. शेजारी एका उघड्या डब्यात लाकडी खोकी ठेवली की चित्र पुरे होते.

आता मापे. एचओ म्हणजे १ : ८७.१, एक फुटाला ३.५ मिलिमीटर. पालोमरची चकती ५८.३ मिमी होते, आणि पेटीसह रुळाच्या माथ्यापासून उंची ६१ मिमीच्या आसपास. तळाशी खऱ्या पाच इंचांची जागा धरली तर ती एचओमध्ये फक्त दीड मिमी. सगळी गंमत आणि सगळा त्रास या दीड मिमीत आहे. रस्त्याच्या फाटकावर रुळांमधली फळी रुळापेक्षा वर आली असेल, सांध्यावरची (रूळ बदलण्याच्या जागेवरची) संरक्षक पट्टी उचललेली असेल, किंवा कपलर (डबे जोडणारा आकडा) सोडवण्याचे चुंबक नीट दाबून बसवलेले नसेल, तर पेटी तिथेच अडकते.

चढाचा माथा याहून फसवा. दोन बोग्यांच्या मध्यांतले अंतर १५० मिमी धरा. ४ टक्क्यांचा चढ एकदम सपाटीला मिळत असेल, तर वाघिणीचा मध्य त्या कोपऱ्यावर येताच रूळ नेमका दीड मिमी वर येतो. म्हणजे पेटी टेकलीच. चढ दोनअडीच टक्क्यांवर ठेवावा आणि माथा निदान १५ सेंटिमीटर लांबीत हळूहळू गोल करावा.

वळणावर वाघिणीचा मध्य आत सरकतो. किती, याचे सूत्र सोपे आहे: बोग्यांमधल्या अंतराचा वर्ग, भागिले वळणाच्या त्रिज्येची आठपट. १५० मिमी अंतर आणि १८ इंची, म्हणजे ४५७ मिमी त्रिज्या घेतली तर उत्तर ६.१५ मिमी. खऱ्या मापात अर्ध्या मीटरहून जास्त. ३० इंची वळणावर तेच ३.७ मिमी. रुंद ओझे असेल तर ही सरक ओझ्याच्या निम्म्या रुंदीत मिळवा, मगच बोगद्याची भिंत आणि सिग्नलचा खांब बसवा. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल-रेल्वे संघटनेची पत्र्याची मोजपट्टी उपयोगी आहे, पण ती नेहमीच्या डब्यांसाठी. अवाढव्य मालासाठी पुठ्ठ्याचे कापीव बनवून ते वाघिणीवर चिकटवा आणि पूर्ण मांडणीवर हाताने ढकलत फिरवा. खरी रेल्वेही अशीच चौकट लावलेला डबा फिरवून मार्ग तपासत आली आहे.

एनएमआरएची वजनाची शिफारस एचओसाठी १ औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस अशी आहे. सात इंची वाघिणीला साडेचार औंस, म्हणजे सुमारे १२८ ग्रॅम. वाकलेल्या कंबरेच्या वाघिणीत हे वजन लपवायला जागाच नसते. सगळे शिसे ओझ्याच्या पोटात भरले तर दोन दोष येतात. ते वरच्या भागात गेले तर वाघीण वळणावर कलंडते, म्हणून भरणा खालच्या तिसऱ्या भागातच करावा. आणि ओझे काढता येण्याजोगे असेल तर रिकामी वाघीण इतकी हलकी होते की लांब गाडीत मधोमध जोडल्यास वळणावर आत ओढली जाऊन रुळावरून उतरते. पृष्ठभागाच्या खालच्या कप्प्यांत टंगस्टनची पुटी दाबून बसवणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. तरी भागले नाही तर रिकामी वाघीण गाडीच्या शेवटी, कबूसच्या (गार्डच्या डब्याच्या) पुढे जोडावी.

जास्त बोग्यांच्या वाघिणीत एका टोकाचा स्क्रू फक्त बोगी फिरेल इतका आवळतात, डुलू देत नाहीत. दुसऱ्या टोकाचा अर्धा फेरा सैल ठेवतात. दोन्ही घट्ट असतील तर रुळाच्या किंचित पिळावरही एक चाक हवेत राहते. तोफेसारखे दोन वाघिणींवरचे ओझे असेल तर एका आधाराला गोल भोक आणि दुसऱ्याला तीन-चार मिमी लांब खाच द्यावी, कारण दोन आधारांमधले अंतर वळणावर आणि कपलरच्या ढिलाईने बदलते. दोन्हीकडे गोल भोके ठेवली तर पहिल्याच सांध्यावर वाघीण उचलली जाते.

बांधणीचे नियमही काळानुसार पाहावेत. लाकडी ठोकळे, पाचरी, टर्नबकल (पीळ देऊन ताण आवळणारा स्क्रू) लावलेल्या सळ्या, साखळ्या, पोलादी पट्ट्या आणि थेट वाघिणीला वेल्ड केलेले कोन, हे सगळे प्रकार एकाच ओझ्यावर नसतात. १२ इंची चौरस लाकूड एचओमध्ये साडेतीन मिमी. त्याला जुन्या लाकडाचा करडा रंग देऊ नये, कारण प्रत्येक खेपेसाठी लाकूड नवे कापलेले असे. साखळी काळी चकचकीत ठेवली तर दागिन्यासारखी दिसते. ती आधी मंद करावी.

गाडीतली जागाही महत्त्वाची. असा माल मंद वेगाच्या गाडीत किंवा स्वतंत्र खास गाडीत, सोबतीच्या माणसांसह जात असे. भारतीय रेल्वेत अशा मालाला ओडीसी (ओव्हर डायमेन्शनल कन्साइनमेंट, म्हणजे ठरावीक मापाबाहेरचा माल) म्हणतात आणि त्याचे ए, बी, सी असे वर्ग करतात. सी वर्ग म्हणजे सर्वांत कमी मोकळी जागा, मंद वेग, दिवसाची वाहतूक आणि सोबत कर्मचारी. १९३६ च्या त्या गाडीचे नियम यापेक्षा फार निराळे नव्हते.

या वाघिणी आयुष्याचा बराच काळ रिकाम्याच असतात. एक खेप, मग रिकामा परतीचा प्रवास आणि मग पुढच्या ओझ्याची वाट पाहत कडेच्या रुळावर मुक्काम. रिकाम्या वाघिणीचे मॉडेल करताना पृष्ठभागावर वेल्ड तोडल्याचे चकचकीत डाग, ते गंजून झालेले नारिंगी ठिपके, ठोकळ्यांखाली न मळलेले चौकोन, दोन-चार वाकलेले खिळे आणि कोपऱ्यात विसरलेला एक लाकडी तुकडा ठेवावा.