पहिला पॅच: ओपन सोर्समध्ये नवख्यांची वाट कशी रुळत गेली

‘कुणीही या, हातभार लावा’ हे ओपन सोर्सवाल्यांचं, म्हणजे कोड सगळ्यांना वाचायला-बदलायला खुला ठेवणाऱ्यांचं, बोलणं जुनंच. लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची, म्हणजे पुढच्या लिनक्सची, बातमी दिली, तीच मुळी लोकांना ‘काय हवंय ते सांगा’ असं विचारत. पण यायचं कसं, हे बरीच वर्षं फारसं कुणी लिहून ठेवलं नाही. आत असलेल्यांना ते ठाऊकच होतं ना!

तेव्हाची रीत अशी: कोडमध्ये बदल करायचा, जुन्या-नव्यातला फरक ‘डिफ’ या प्रोग्रॅमने काढायचा आणि तो ईमेलने पाठवायचा; या फरकालाच पॅच म्हणतात. समोरचा माणूस तो ‘पॅच’ याच नावाच्या प्रोग्रॅमने आपल्या कोडला लावायचा; हा प्रोग्रॅम लॅरी वॉलने १९८५ मध्ये लिहिला. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात नवख्याचा ईमेल प्रोग्रॅम गुपचूप टॅबच्या जागी स्पेस घालायचा, लांब ओळ मधेच मोडायचा, आणि पॅच लागायचाच नाही. बदल अगदी बरोबर असला तरी पहिलंच पाऊल फसायचं. लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, कागदपत्रांत ईमेल प्रोग्रॅमच्या सेटिंगवर आजही वेगळं पान आहे, ते उगाच नाही. त्यातून प्रश्न विचारावा तर ‘आरटीएफएम’ हे चार अक्षरी उत्तर ठरलेलं: आधी मॅन्युअल वाच, तेही मधे एक शिवी घालून.

अवजारांची अडचण आधी सुटली. २००५ मध्ये कोडमधले बदल सांभाळणारं गिट आलं, २००८ मध्ये गिटवरचे प्रकल्प ठेवायची वेबसाइट गिटहब. फोर्क करा (प्रकल्पाची आपली प्रत काढा), बदला, पुल रिक्वेस्ट (‘हा बदल घ्या’ अशी विनंती) पाठवा.

माणसांची अडचण चिवट निघाली. २००६ मध्ये गूगलच्या ‘समर ऑफ कोड’साठी (विद्यार्थ्यांनी उन्हाळ्यात पैसे घेऊन ओपन सोर्सचं काम करायचा उपक्रम) ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या प्रकल्पाकडे १८१ अर्ज आले, त्यात बाईचा एकही नव्हता. ग्नोमने त्याच उन्हाळ्यात स्त्रियांसाठी वेगळा उपक्रम काढला. तोच पुढे ‘आउटरीची’ झाला: घरबसल्या इंटर्नशिप, मानधन आणि सोबत एक मेंटॉर, म्हणजे प्रकल्पातला वाटाड्या. माझ्या मते खरी मेख या मेंटॉरमध्ये आहे. ‘हा प्रश्न विचारू का?’ हे विचारायलाही नवख्याला कुणीतरी लागतं. निवडीआधीच प्रकल्पात थोडं काम करून दाखवायचं असतं, त्यामुळे निवड न झालेल्यांचाही पहिला पॅच होऊन जातो.

प्रकल्पात एकमेकांशी कसं वागायचं याच्या आचारसंहितेवरून भांडणं पुष्कळ झाली. २०१४ मध्ये ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट’ हा तयार मसुदा आला आणि एकेका प्रकल्पाने तो उचलला. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्सने आपल्या जहाल ईमेलबद्दल जाहीर माफी मागून काही काळ सुट्टी घेतली, आणि कर्नलनेही या कव्हनंटवर बेतलेली संहिता स्वीकारली.

दरम्यान सोप्या कामांना लेबलं लागू लागली: फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलात ‘गुड फर्स्ट बग’, गिटहबवर ‘गुड फर्स्ट इश्यू’. असं काम नीट समजावून लिहायला मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, कधी कधी ते स्वतः उरकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे बाहेरून दिसत नाही. मग २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे दर ऑक्टोबरच्या ओपन सोर्स उपक्रमात, चार पुल रिक्वेस्टवर टी-शर्ट मिळतो म्हणून, रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) एखादा शब्द घुसडणाऱ्या रिक्वेस्टचा पूर आला आणि त्या बंद करता करता मेंटेनर टेकीला आले. काही दिवसांतच आयोजकांनी नियम फिरवला: प्रकल्पाने स्वतःहून होकार दिला असेल तरच तिथली रिक्वेस्ट मोजायची.