जुन्या गाडीचं इंजिन ऑइल गळतंय? काम काढायच्या आधी हे वाचा

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर भागातून आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या गाड्या बहुतेक जुन्या पण जपलेल्या, वॅगन आर, सँट्रो, झेन, आणि तक्रार एकच की पार्किंगमध्ये काळा डाग पडतो. काका लोक तर येतानाच विचारतात, इंजिन उतरवावं लागेल का? बहुतेक वेळा नाही लागत हो.

आधी रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. काळं-तपकिरी आणि बोटाला चिकट लागलं तर इंजिन ऑइल, हिरवं किंवा गुलाबी पाण्यासारखं असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), लाल असेल तर बहुधा पॉवर स्टिअरिंगचं, आणि एसी लावून आल्यावर स्वच्छ पाणी पडतं ते नॉर्मल आहे.

आता मुख्य गोष्ट. ऑइल गळतं वरून आणि टपकतं खालून, त्यात गाडी चालताना हवा ते मागे ढकलते, म्हणून लिफ्टवर घेतली की चेंबरपासून (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) गिअरबॉक्सच्या जॉइंटपर्यंत सगळंच ओलं दिसतं आणि सांगितलं जातं की मागचं क्रँक सील, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं ऑइल अडवणारं सील गेलं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी मोठी, आणि एवढं करून डाग पडायचा तो पडतोच कारण गळत होतं टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग. इंजिनच्या उष्णतेने ते रबर वर्षानुवर्षं भाजत राहतं, मग बाहेर काढलं की प्लास्टिकच्या पट्टीसारखं कडक, वाकवलं तर तुटतं. म्हणून आम्ही इंजिन आधी धुतो, कोरडं करतो, पंधरा-वीस मिनिटं चालवतो आणि टॉर्च लावून सगळ्यात वरची ओली जागा शोधतो, तरी नाही सापडलं तर ऑइलमध्ये डाय (चमकणारा रंग) टाकून यूव्ही लाइटने बघतो. टॅपेट कव्हर, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरचं रबर, ड्रेन बोल्टचा वायसर, हे सगळं बघून झाल्याशिवाय गिअरबॉक्सला हात नाही.

पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या आतला गॅस बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, पण जरूर चेक करून घ्या. तो चोक झाला की इंजिनच्या आत प्रेशर साठतं आणि ते नवीन सीलमधून सुद्धा ऑइल बाहेर काढतं, म्हणजे सील दोनदा बदलून पण लीक तसाच. छोटा पार्ट आहे, पण घाईत राहून जातो.

वरून सिलिकॉन थापून घेऊ नका प्लीज. जास्तीचं सिलिकॉन आत दाबलं जातं, तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकले तर ऑइल वर चढत नाही आणि मग खरंच इंजिनचं काम निघतं. टॅपेट कव्हरचे बोल्ट पण जोर लावून आवळायचे नसतात, अॅल्युमिनियममधले आटे जातात.

नुसता ओलावा असेल, थेंब पडत नसेल तर घाई नाही, दर आठवड्याला सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक (ऑइल किती आहे ते दाखवणारी पट्टी) बघत जा. पण जळका वास किंवा बोनेटमधून धूर येत असेल तर ऑइल गरम एक्झॉस्टवर पडतंय, आग लागू शकते, तशी गाडी चालवू नका. टायमिंग बेल्टवर ऑइल गेलं असेल तर बेल्ट पण बदलावाच लागतो. आणि ऑइलचा लाल दिवा लागला तर तिथेच बंद करा, घर जवळ असलं तरी, आम्हाला फोन करा, टो करून आणू.

येताना गाडी धुवून आणू नका, डाग पडलेला पुठ्ठा मात्र आणा, आणि शेवटचं ऑइल कधी बदललं, कुठल्या ग्रेडचं टाकलं ते सांगा. बदललेलं जुनं पॅकिंग आणि सील आम्ही तुमच्या हातात देतो.