सीआरपीला फुफ्फुसाचा पत्ता ठाऊक नसतो

परवा शेजारच्या काकू चार वर्षांच्या नातवाचा रिपोर्ट घेऊन आल्या. ग्वाल्हेरची थंडी, त्यात पोराला फ्लू. "बघ रे, सीआरपी ४८ आलाय. म्हणजे फेफडा अर्धा गेला ना?"

नाही गेला, काकू. सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, रक्तातलं एक प्रोटीन. तो मुळी फुफ्फुसात बनतच नाही, यकृतात बनतो. शरीरात कुठेही दाह झाला की इंटरल्यूकिन-६ नावाचं निरोप्या प्रोटीन यकृताला सांगावा धाडतं आणि सीआरपी वाढतो. पायाला गळू झालं तरी वाढतो. आग लागलीय एवढं तो सांगतो, कुठल्या खोलीत ते नाही.

खोली कळायला त्या खोलीतलंच काही रक्तात सापडायला हवं. इथल्या लष्कर भागातले जुने वाडे पावसात झिरपतात, तेव्हा मोरीच्या पाण्यात चुना आला की माती, यावरून कुठली भिंत सुटली ते म्हातारी माणसं ओळखतात. तसंच हे. वायुकोश म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या चिमुकल्या पिशव्या; त्यांतली हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. हवेच्या बाजूला दोन प्रकारच्या पेशी. चपट्या पेशी सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग झाकतात. त्यांच्यावर 'रेज' नावाचं प्रोटीन भरपूर असतं. गुबगुबीत पेशी सर्फॅक्टंट, म्हणजे वायुकोश मिटू न देणारं अस्तर, तयार करतात, त्यातलंच एक सर्फॅक्टंट प्रोटीन-डी. फ्लूच्या विषाणूने या पेशी फोडल्या की दोन्ही प्रोटीनं रक्तात जास्त उतरतात. हा झाला आतला चुना.

मला खरी भुरळ घातली ती रक्ताच्या बाजूने. १९६४ साली एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पलाडे यांना रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत सिगारच्या आकाराच्या बारीक पिशव्या दिसल्या. आज त्यांना वायबेल-पलाडे पिंड म्हणतात. त्यांत अँजिओपोएटिन-२ नावाचं प्रोटीन भरून ठेवलेलं असतं. एरवी अँजिओपोएटिन-१ हे भावंड पेशींवरच्या 'टाय-२' या ग्राहीवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या खाचेवर, बसून पेशींचे सांधे घट्ट ठेवतं. दाह झाला की पिशव्या काही मिनिटांत रिकाम्या होतात, अँजिओपोएटिन-२ तीच जागा अडवतं, सांधे सैल पडतात आणि रक्तातलं पाणी वायुकोशात शिरतं. म्हणजे हा नुसता साक्षीदार नाही, आरोपीही आहे! फुफ्फुसं निकामी होऊन अतिदक्षता विभागात आलेल्या मुलांत अँजिओपोएटिन-२ चढत गेलं तर मृत्यूचा धोका जास्त असल्याचं आढळलं आहे. अडचण एवढीच की सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, आणि डेंग्यूतही ते वाढतं. म्हणून एकट्यावर भिस्त ठेवून चालत नाही. आतली, हवेच्या बाजूची, आणि बाहेरची, रक्ताच्या बाजूची, खूण एकत्र वाचावी लागते.

उद्या कुणी 'फुफ्फुस पॅकेज' म्हणून या प्रोटीनांच्या तपासण्यांची जाहिरात केली तर पैसे घालवू नका. किती आकडा म्हणजे धोका, हे मुलांसाठी अजून पक्कं ठरलेलं नाही. आणि सर्दीत मुलांना हुंगायला देतात ती कापूर-ओव्याची पुरचुंडी? तिने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन कणभरही वाढत नाही. कापूर चुकून लहान पोराच्या पोटात गेला तर झटके येतात, ते वेगळंच.

काकूंना म्हटलं, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला, तर रिपोर्ट हातात घेऊन बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

झोपलेल्या नातवाचे ३२ भरले. काकूंनी पुन्हा मोजले, कारण मध्ये त्याला खोकला आला होता.