समुद्रातलं तेल केंद्राचं, पंपावरचा टॅक्स राज्याचा: थोडी पार्श्वभूमी

पेट्रोलच्या भावावरून केंद्र राज्याकडे आणि राज्य केंद्राकडे बोट दाखवतं, हे आपण वर्षानुवर्षं बघतोय. पण महाराष्ट्राचं बजेट पेट्रोल-डिझेलच्या टॅक्सवर एवढं टेकून कसं बसलं, हे त्या भांडणात राहूनच जातं.

जुना भाग थोडक्यात. मुंबई हायला, म्हणजे मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, तेल लागलं १९७४ मध्ये, किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर. १९७६ पासून उत्पादन सुरू झालं आणि १९८९ च्या आसपास तर दिवसाला चार लाख बॅरलच्या वर तेल निघत होतं. ते पाइपलाइनने उरणला येतं, जमीन गेली उरणच्या शेतकऱ्यांची, पण रॉयल्टी मात्र राज्याला मिळत नाही, कारण घटनेच्या कलम २९७ प्रमाणे समुद्राखालचं जे काही आहे ते केंद्राचं. आसाम आणि गुजरातला जमिनीवरच्या विहिरींची रॉयल्टी मिळते. देशातलं सगळ्यात मोठं तेलक्षेत्र आपल्या दारात आणि तिजोरीत त्याच्या रॉयल्टीचा एक रुपया नाही, हे मला आजही पटत नाही.

मग राज्याने तेलावर पैसे मिळवायचे कुठून? तर विक्रीवर. आधी सेल्स टॅक्स, २००५ पासून व्हॅट. मुंबईत त्यावर पालिकेची जकात वेगळी, माहुलच्या रिफायनऱ्यांत येणाऱ्या क्रूडवरसुद्धा, आणि कंपन्या ती शेवटी पंपावर आपल्याकडूनच काढायच्या.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. पालिकेचं सगळ्यात मोठं उत्पन्न एका दिवसात बंद, म्हणून राज्याने भरपाईचा कायदा केला, दरवर्षी आठ टक्के चक्रवाढीने. म्हणजे राज्याच्या खर्चात एक मोठी रक्कम कायमची वाढली आणि त्याच दिवशी बहुतेक वस्तूंवरचा टॅक्स स्वतः ठरवायचा अधिकारही गेला. क्रूड, नॅचरल गॅस, पेट्रोल, डिझेल आणि विमानाचं इंधन हे पाच पदार्थ आणि दारू, एवढंच जीएसटीबाहेर राहिलं. दारू, स्टॅम्प ड्युटी, गाड्यांचा टॅक्स, विजेवरचा कर आणि पेट्रोल-डिझेल, मोठ्या म्हणाव्या अशा एवढ्याच दोऱ्या हातात उरल्या, त्यामुळे पैसा कमी पडला की सगळ्यात सोपी, पेट्रोल-डिझेलचीच दोरी ओढली जाते. ही सवय तशी जीएसटीच्या आधीपासूनची. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळासाठी लिटरमागे दोन रुपये वाढवले होते. एप्रिल २०१७ मध्ये हायवेवरच्या दारूबंदीने महसूल बुडाला तर पेट्रोलवरचा अधिभार सहाचा नऊ रुपये केला. जून २०२० मध्ये लॉकडाऊनने तिजोरी रिकामी, तर पेट्रोल-डिझेल दोन्हीवर पुन्हा दोन रुपये. दुष्काळ संपला, दारूची दुकानं उघडली, लॉकडाऊन उठला, आणि आजही पेट्रोलवर व्हॅटशिवाय लिटरमागे ५.१२ रुपये वेगळे आहेतच.

केंद्राने याहून वाईट केलं असं माझं मत आहे. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ मध्ये क्रूड कोसळत असताना एक्साइज, म्हणजे केंद्राचा उत्पादन कर, नऊ वेळा वाढवली आणि मे २०२० मध्ये पेट्रोलवर ती ३२.९८ रुपयांवर नेली. यातली मेख अशी की राज्यांना वाटा मिळतो तो फक्त बेसिक एक्साइजमधला, सेस आणि सरचार्ज पूर्ण केंद्राकडे राहतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये पेट्रोलवरची बेसिक एक्साइज २.९८ वरून १.४० रुपये केली आणि कृषी सेस नवीन लावला, पंपावरचा भाव तोच. राज्यांचा वाटा ४१ टक्के, १.४० चे ४१ टक्के म्हणजे जेमतेम ५७ पैसे, तेही सगळ्या राज्यांत मिळून वाटायचे! वाट्याचे पैसे असे आटत गेल्यावर राज्य व्हॅट सोडेल कशाला.

आणि याच पार्श्वभूमीवर मे २०२२ चा राज्याचा तो गाजलेला व्हॅट-कपातीचा निर्णय. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने एक्साइज कमी केली, बऱ्याच राज्यांनी व्हॅट उतरवला, महाराष्ट्राने नाही. एप्रिलमध्ये पंतप्रधानांनी महाराष्ट्राचं नाव घेऊन टोमणा मारला. मग २१ मे ला केंद्राने पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपये एक्साइज कमी केली आणि दुसऱ्या दिवशी राज्याने जाहीर केलं की आम्हीही व्हॅट कमी केला, पेट्रोलवर २.०८ आणि डिझेलवर १.४४. आता हे आकडे नीट बघा. मुंबईत तेव्हा पेट्रोलवर व्हॅट २६ टक्के, डिझेलवर २४. व्हॅट लागतो तो एक्साइज धरून झालेल्या रकमेवर, म्हणजे टॅक्सवर टॅक्स. ८ रुपयांचे २६ टक्के २.०८, आणि ६ रुपयांचे २४ टक्के १.४४, पैशापैशाने तेच. एक्साइज उतरल्यावर जे आपोआप उतरणारच होतं तेच कपात म्हणून सांगितलं गेलं, दर टक्क्याने तसाच. राज्याची बाजू अशी होती की महसूल बुडाला तो आमचाच, आणि ते खोटं नाही, पण तो बुडाला केंद्राच्या निर्णयाने. खरी कपात झाली जुलैत, सरकार बदलल्यावर, पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये, तेव्हा मुंबईचा भाव १११.३५ वरून १०६.३१ वर आला. त्याच्या दोनच आठवडे आधी, जून अखेरीला, केंद्राकडून राज्याला मिळणारी जीएसटीची पाच वर्षांची हमी भरपाई संपली होती, म्हणजे गरज सगळ्यात जास्त तेव्हाच ही कपात केली, आणि बजेटमध्ये ती जागा कशाने भरणार यावर फारशी चर्चाच झाली नाही. जुलै २०२४ ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईत व्हॅट आणखी उतरून २५ आणि २१ टक्के झाला.

आता पुढचं. सीएनजीवरचा व्हॅट एप्रिल २०२२ मध्ये १३.५ वरून ३ टक्के केला, मुंबईतल्या रिक्षा-टॅक्सी त्यावरच चालतात. इलेक्ट्रिक गाड्यांना २०२५ च्या धोरणात अटल सेतू, समृद्धी आणि पुणे एक्सप्रेसवेवर टोलमाफी आहे. हवेसाठी हे हवंच, यावर वाद नाही, पण यातली प्रत्येक गाडी पंपावरचा टॅक्स कमी करते. २०२५-२६ च्या बजेटात सीएनजी गाड्यांवरचा टॅक्स एक टक्का वाढवला आणि तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के लावायचं ठरवलं, त्यातला इलेक्ट्रिकवरचा टॅक्स त्याच अधिवेशनात मागे घ्यावा लागला. मुंबई हायचं उत्पादन वाढवायला २०२५ मध्ये एका परदेशी कंपनीची मदत घेतली, ते वाढलं तरी कलम २९७ तेच, आणि पेट्रोल-डिझेल उद्या जीएसटीत गेलं तर राज्याच्या हातातली ही दोरीही जाईल.