जोन्स, डीकन
जोन्स, डीकन : (९ डिसेंबर १९३८–३ जून २०१३). अमेरिकन फुटबॉलमधील बचावफळीचा श्रेष्ठ खेळाडू. मूळ नाव डेव्हिड. फ्लॉरिडातील ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावी जन्म. साउथ कॅरोलायना स्टेट महाविद्यालयात खेळत असताना नागरी हक्कांच्या निदर्शनात भाग घेतल्यामुळे त्याची शिष्यवृत्ती काढून घेण्यात आली. पुढे तो मिसिसिपी व्होकेशनल महाविद्यालयाकडून खेळला. सामन्यांसाठी परगावी गेल्यावर मोटेलवाले कृष्णवर्णीय खेळाडूंना खोल्या देत नसत. तेव्हा हा संघ यजमानांच्या व्यायामशाळेत खाटा टाकून झोपे.

१९६१ मध्ये नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक संघाने त्याला निवडले, तेही चौदाव्या फेरीत. शहरात डेव्हिड जोन्स नावाची माणसे पुष्कळ, म्हणून त्याने ‘डीकन’ हे नाव घेतले. मर्लिन ओल्सन, रोझी ग्रिअर आणि लमार लंडी यांच्यासह त्याची चौकडी गाजली. सुमारे १९६ सेंमी. उंची आणि १२३ किग्रॅ. वजन असूनही तो विलक्षण चपळ होता. चेंडू खेळात येताच समोरच्याच्या शिरस्त्राणावर कानाजवळ तो उघड्या पंजाने सणसणीत चपराक मारी. क्षणभर त्या खेळाडूचे डोळे मिटत, मान वळे आणि तेवढ्यात जोन्स त्याला ओलांडून जाई. ही युक्ती आपण ग्रिअरकडून घेतली, असे तो सांगत असे. १९७७ मध्ये तिच्यावर बंदी आली.

क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणाऱ्या खेळाडूला, चेंडू फेकण्याआधीच पाडण्याच्या क्रियेस ‘सॅक’ म्हणतात. या संज्ञेचे जनकत्व सामान्यतः जोन्सकडे जाते. क्वार्टरबॅकांना गोणपाटाच्या पोत्यात कोंबून बडवावे, ही एक व्युत्पत्ती त्याने सांगितली. शहर लुटून उद्ध्वस्त करणे, ही दुसरी. इंग्रजीत हे दोन्ही अर्थ जुनेच आहेत. दुसऱ्या मतानुसार शब्द प्रशिक्षक जॉर्ज ॲलन यांचा आहे : डॅलस संघाचा क्वार्टरबॅक क्रेग मॉर्टन याच्या आडनावावरून, त्या नावाच्या प्रसिद्ध मिठाला पोत्यात ओतू, असे ते म्हणाले होते. ॲलन १९६६–७० या काळात रॅम्सचेच प्रशिक्षक असल्याने दोन्ही दावे एकाच गोटातले ठरतात. शब्द कोणाच्याही तोंडून प्रथम निघाला असो, तो रुळवण्याचे श्रेय जोन्सला देणे अधिक सयुक्तिक वाटते.

सॅकची वैयक्तिक नोंद राष्ट्रीय फुटबॉल लीगने (एनएफएल) १९८२ पासून ठेवली. त्यामुळे अधिकृत कोष्टकात जोन्स नाही. संशोधकांनी जुन्या नोंदी व चित्रफिती तपासून त्याच्या नावे १७३.५ सॅक धरले आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा सारणीत ब्रूस स्मिथ (२००) व रेजी व्हाइट (१९८) यांच्यामागे तो तिसरा आहे. १९६४ आणि १९६८ या हंगामांत प्रत्येकी २२ सॅक त्याच्या खाती दिसतात, आणि तेही १४ सामन्यांच्या हंगामात!

१९६७ व १९६८ मध्ये तो सर्वोत्तम बचावपटू ठरला. १९७२–७३ मध्ये सॅन डिएगो चार्जर्सकडून व १९७४ मध्ये ॲलन यांच्या वॉशिंग्टन संघातून तो खेळला. १९८० मध्ये त्याचा व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात समावेश झाला.