मार्क-रूम

शिडाच्या नौकांच्या शर्यतीत वळणखूण म्हणून सोडलेल्या बोयाला (मार्कला) वळसा घालताना आतल्या किंवा पुढच्या नौकेला इतरांनी द्यावयाची जागा. वर्ल्ड सेलिंग ही आंतरराष्ट्रीय संघटना साधारणतः दर चार वर्षांनी शर्यतीचे नियम सुधारून प्रसिद्ध करते. २०२५–२८ च्या आवृत्तीत हा विषय नियम १८ मध्ये आहे.

आतल्या नौकेला जागा देण्याचे तत्त्व बरेच जुने आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नियमांतही दोन नौका एकमेकींच्या बाजूला येऊन मार्कपाशी पोहोचल्या, म्हणजे त्यांच्यात ओव्हरलॅप असला, तर बाहेरचीने जागा द्यावी असे होते. मात्र पुढच्या नौकेने वळण्यासाठी सुकाणू फिरवल्यावर मागचीने आत घुसू नये, अशी मर्यादा होती. सुकाणू नेमके केव्हा फिरले हे दुसऱ्या नौकेवरून ठरवणे कठीण असल्याने पुढे हा क्षण अंतराने बांधला गेला. आधुनिक नियमांचे श्रेय बहुधा अमेरिकी नौकाशर्यतपटू हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांना दिले जाते. त्यांची मांडणी आंतरराष्ट्रीय संघटनेने १९६० च्या सुमारास स्वीकारली. पण मूळ तत्त्व त्यांच्याआधीचे असल्याने हे श्रेय मांडणीपुरते मानणे अधिक योग्य. मार्कभोवतीचा झोन, म्हणजे जिथे शिरल्यावर जागेचा हक्क ठरतो तो पट्टा, पूर्वी दोन नौकालांबींचा होता, २००९ पासून तो तीनचा आहे. मॅच रेसिंग (दोनच नौकांची शर्यत) आणि सांघिक शर्यतींत अजूनही दोनचाच.

पहिली नौका झोनमध्ये शिरते त्या क्षणी ओव्हरलॅप असेल तर बाहेरचीने आतलीला, आणि नसेल तर मागचीने पुढचीला मार्क-रूम द्यायची असते. नंतर ओव्हरलॅप तुटला किंवा नव्याने जुळला तरी हे बंधन टिकते.

मार्क-रूम म्हणजे अग्रहक्क (दुसरीने आपल्याला वाट द्यावी हा हक्क) नव्हे. सर्वाधिक तक्रारी या गल्लतीतून निघतात. समजा, मार्क डावीकडे ठेवायचा आहे आणि दोन नौका वाऱ्यासोबत येत आहेत, आतली पोर्ट टॅकवर (वारा डाव्या बाजूने), बाहेरची स्टारबोर्डवर (वारा उजव्या बाजूने). नियम १० नुसार अग्रहक्क बाहेरचीचा, तरी जागा तिनेच द्यायची. आतलीला कुशल नावाड्याला वळायला लागेल तेवढीच जागा मिळते. सोयीसाठी आधी लांब जाऊन मग मार्कला घासून निघण्याइतका रुंद वळसा तिच्या हक्कात बसत नाही. आतली स्टारबोर्डवर असेल तर अग्रहक्कही तिचाच, पण वळताना तिला जाइब (पाठीमागून येणारा वारा दुसऱ्या बाजूला घेऊन टॅक बदलणे) करावा लागणार असल्यास तो होईपर्यंत तिने आपल्या योग्य मार्गाला (इतर नौका नसत्या तर तिने धरला असता त्या जलद मार्गाला) लागते त्याहून मार्कपासून दूर जाऊ नये. गेटच्या, म्हणजे ज्यांच्या मधून जायचे अशा जोडीच्या, मार्कना हे बंधन नाही.

वाऱ्याविरुद्धच्या टप्प्यात परस्परविरुद्ध टॅकवरच्या नौकांना नियम १८ लागूच होत नाही. तिथे पोर्टवरचीने जागा मागणे निरर्थक आहे. मार्क डावीकडे ठेवायचा असताना झोनमध्ये पोर्टवरून स्टारबोर्डवर येणाऱ्या आणि मग थेट मार्क गाठू शकणाऱ्या नौकेने, झोनमध्ये शिरल्यापासून स्टारबोर्डवर असलेल्या नौकेला टक्कर टाळण्यासाठी क्लोज-हॉल्डच्या (वाऱ्याच्या शक्य तितक्या जवळून जाण्याच्या दिशेच्या) वर जायला लावू नये, असे कलम १८.३ सांगते. सुरुवातीच्या रेषेच्या मार्कपाशीही स्टार्ट घेताना मार्क-रूम नसते.

मार्कला स्पर्श झाल्यास नौका एकदा गोल फिरवण्याचा, मार्क-रूम नाकारल्यास सहसा दोनदा फिरवण्याचा दंड असतो. ओव्हरलॅप वेळेत जुळला की नाही याबद्दल वाजवी शंका उरली, तर तो जुळला नव्हता असे धरले जाते.