मुळशी-मावळात वीकेंड रिट्रीट काढताय? सांडपाण्याची परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

पानशेत, मुळशी, मावळच्या बाजूला जागा घेऊन योगाचं, ध्यानाचं नाहीतर साधं शेतावरचं वीकेंड सेंटर काढणारे बरेच जण आधी कॉटेज उभी करतात आणि मग विचारतात की सेप्टिक टँकचं लायसन कुठं मिळतं. तसं वेगळं लायसन नसतंच. टाकी आणि शोषखड्डा बांधकाम परवानगीच्या नकाशातच दाखवायचे असतात (पुण्याभोवतीच्या बऱ्याचशा गावांत ही परवानगी पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण देते), आणि पैसे देऊन पाहुणे राहणार असतील तर वरून प्रदूषण नियंत्रण मंडळाची, म्हणजे एमपीसीबीची संमती बघायची.

अर्ज जमिनीचा मालक करू शकतो किंवा रजिस्टर्ड भाडेकरार असलेला माणूस. सातबाऱ्यावर भाऊ-बहिणींची नावं असतील तर सगळ्यांच्या सह्या नाहीतर कुलमुखत्यारपत्र, इथं फार अर्ज अडकतात. शेतकरी असाल आणि किमान १ एकर जमीन असेल तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते, पण ते सर्टिफिकेट मिळालं की सांडपाण्याचं काम झालं असं समजू नका, तो विषय पूर्ण वेगळा.

एमपीसीबी व्यवसायांचे प्रदूषणाप्रमाणे रंगांचे गट करते (कमी प्रदूषणाचा ग्रीन, त्याहून जास्तीचा ऑरेंज), तुम्ही कुठल्या रंगात बसता ते खोल्यांवर ठरतं. २०१६ च्या वर्गवारीत २० खोल्यांपर्यंतचं, बॉयलर नसलेलं हॉटेल ग्रीनमध्ये होतं, त्याच्या वरचं, १०० खोल्यांच्या आतलं ऑरेंजमध्ये. ही वर्गवारी मधूनमधून बदलते, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी मंडळाच्या पोर्टलवर चालू यादी उघडून बघा, एजंट सांगतो त्यावर जाऊ नका. संमती दोनदा लागते, बांधायच्या आधी कन्सेंट टू एस्टॅब्लिश आणि पाहुणे घ्यायच्या आधी कन्सेंट टू ऑपरेट. फी भांडवली गुंतवणुकीवर असते, त्यासाठी सीएचं सर्टिफिकेट लावायचं.

आता खरा मुद्दा, माणसांचा आकडा. वीकेंड सेंटरमध्ये सोमवार ते शुक्रवार वॉचमन सोडून कोणी नसतं आणि शनिवारी एकदम ३० माणसं आंघोळीला जातात, त्यामुळे आठवड्याची सरासरी काढून टाकी बांधली की रविवारी सकाळी चेंबर वर येतंच. हिशोब शनिवारचा करा. हॉटेलसाठी माणशी १८० लिटर धरतात, ३० जणांचे ५,४०० लिटर, त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणजे ४,३२० लिटर. आणि हाच ३० चा आकडा नकाशात, पाण्याच्या हिशोबात आणि एमपीसीबीच्या अर्जात सारखा पाहिजे. एकीकडे १६ बेड आणि दुसरीकडे ३० पाहुणे लिहिले की शंका निघणारच.

आर्किटेक्टला नकाशा काढायला सांगायच्या आधी जागेवर पाणी मुरण्याची टेस्ट करून घ्या, खर्च किरकोळ आहे. खड्डा करून रात्रभर पाणी भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पाणी २५ मिमी उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. आयएस २४७० या सेप्टिक टँकच्या भारतीय मानकाप्रमाणे ३० मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो, ६० मिनिटांपर्यंत असेल तर चर मारावे लागतात, त्याच्याही पुढे गेलं तर शोषखड्डा विसरा. आपल्याकडे मुरूम असेल तर नशीब, पण काळी माती किंवा वीतभर खाली कातळ लागला तर पाणी जाणार कुठं? आणि उन्हाळ्यात छान मुरणारी जागा जुलैत पाण्याखाली असते, तेव्हा पावसाळ्यात पाणी किती वर येतं ते गावातल्या जुन्या माणसाला विचारा. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा १८ मीटर लांब हवा, शेजाऱ्याची विहीर पण त्यात आली.

पाणी मुरत नाही अशा जागी बरेच जण तुम्हाला ब्लोअरवाला (हवा सोडणाऱ्या पंख्याचा) पॅकेज एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचं तयार यंत्र, विकायला येतील. माझं मत विचाराल तर छोट्या सेंटरला नको, पाच दिवस सांडपाणी नाही म्हणजे आतले जिवाणू उपाशी, त्यात लाईट जाते. सेप्टिक टँक, पुढे आडव्या भिंतींची कप्प्याकप्प्यांची टाकी आणि शेवटी कर्दळ लावलेला खडीचा वाफा, हे उतारावर विनालाईट चालतं आणि ते पाणी झाडांना देता येतं. किचनच्या लाईनला ग्रीस ट्रॅप (तेल-तूप अडवणारी छोटी टाकी) हवाच. पागोळ्यांचं पाणी मात्र यात अजिबात सोडू नका.

कागदांमध्ये सातबारा, ८अ, फेरफार, मोजणीची क प्रत, झोन दाखला, जमीन एनए (बिगरशेती) असल्यास तो आदेश, मंजूर नकाशा, टाकीचा सेक्शन (उभ्या छेदाचं ड्रॉइंग), पाण्याचा हिशोब, लाईट बिल, आधार आणि पॅन. धरणाच्या किंवा नदीच्या जवळ असाल तर पूररेषेसाठी जलसंपदा विभागाकडे पण जावं लागतं, ते सगळ्यात आधी सुरू करा कारण वेळ तिथंच जातो.

मंडळाचा अर्ज ऑनलाइन भरायचा. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २५ मध्ये ४ महिन्यांत निर्णय आला नाही तर संमती मिळाली असं धरतात, पण अर्ज सर्व बाजूंनी पूर्ण असेल तरच, त्यामुळे एक जरी कागद राहिला तरी त्या ४ महिन्यांवर विसंबू नका.

सेंटर सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा लागतो. तो सक्शन टँकरनेच काढायचा, सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टँकरवाला गाळ कुठं रिकामा करतो ते विचारा, पावती घ्या आणि ती कन्सेंट रिन्यूअलच्या फाईलला लावून ठेवा.